मन लागत नाही तेव्हा: रोजचे छोटे आनंद खरेच कामाचे, की नुसती समजूत?

चोडणकार

कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याशी वाद झाला आणि तो अर्धाच राहिला, म्हणून इथे मांडतो. त्याचे म्हणणे असे: संध्याकाळी गरी (गळ) टाकून नदीवर बसणे, अबोलीचे वळेसर (गजरे) विणणे, पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा पोंपों ऐकू आला की धावत जाऊन गरम उंडे (पाव) आणणे, या गोष्टी छान आहेत, पण त्यांनी मन सुधारते ही समजूत आहे. मन आधीच बरे असते म्हणून त्या गोड लागतात. खचलेल्या माणसाला उंडा आणि दगड सारखाच.

मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते क्रम उलटा आहे. छंद आधी, मन मागून येते, आणि कधीकधी बरेच उशिरा येते. "मूड आला की करीन" म्हणणारा मूडची वाट बघतच बसतो. ज्या दिवशी काहीच नको वाटते त्याच दिवशी ठरल्या वेळी उठून ती छोटी गोष्ट करायची, गोडी लागेल अशी अपेक्षा न ठेवता करायची. माझा आग्रह एवढाच आहे.

माझे उदाहरण गोव्यात पणजीजवळच्या रायबंदर-चोडण फेरीबोटीचे. कामावर जाता-येता ती घ्यावीच लागते. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही, पलीकडे पोचायला थोडीच मिनिटे लागतात, आणि बहुतेकजण ती मोबाईलवर घालवतात. मी मोबाईल खिशात ठेवून कठड्याशी उभा राहतो आणि पक्षी बघतो. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, सगळे मिळून १.७८ चौरस किलोमीटर, बहुतेक खारफुटीच. त्यामुळे ब्राह्मणी घार आणि खंड्या बाराही महिने दिसतात, आणि थंडीत ओहोटी लागली की उत्तरेकडून आलेले तुतवार चिखलात चोच खुपसत फिरतात. घरात मोठे आजारपण चालू होते त्या काळात मला पक्ष्यांत काडीचा रस उरला नव्हता. तरी बघत राहिलो. बघताना बरे वाटायचे असे मी म्हणणार नाही. पण दिवसभरातली एक तरी गोष्ट मी ठरवल्याप्रमाणे केलेली असायची, आणि घरी पोचल्यावर माझा आवाज चढत नाही हे घरच्यांनी माझ्याआधी ओळखले.

आणखी एक. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांची आणि त्यांच्याच भागात राहणाऱ्या इतरांची तुलना केली. घबाड मिळालेले लोक इतरांहून फारसे सुखी निघाले नाहीत. शिवाय न्याहारी करणे, मित्राशी गप्पा मारणे, मासिक चाळणे अशा रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी गोडी वाटत होती. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांकडे आशेने बघणाऱ्या आपल्या पोरांना तो सांगावासा वाटतो.

तुम्हांला काय वाटते? विरोधी मते आवर्जून हवीत.

खाणपट्टा

विरोधी मत मागितलेत, देतो.

मी डिचोलीकडचा. सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा आमच्या भागात घरोघरी खनिज वाहण्यासाठी कर्जाने घेतलेले ट्रक होते. मध्ये काही काळ काम सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. ट्रक दारात उभे राहिले, टायर मातीत रुतले, वर वेली चढल्या. त्या काळात आमच्या देवळातले भजन एकदाही चुकले नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमट (मातीचे चामडी वाद्य) वाजले, शिगम्याला (होळीच्या सणाला) रोमट (वाजतगाजत मिरवणूक) निघाले. लोक मनापासून गात होते आणि बँकेची नोटीस देव्हाऱ्याच्या फळीवर पडून होती. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिले आहे. भजनाने हप्ता फिटला नाही.

मला चीड याची येते की हातात काम नसलेल्या माणसाला "काहीतरी छंद लाव, मन रमव" हा सल्ला फार स्वस्तात दिला जातो. तुमचे घरचे दुःख मी नाकारत नाही, चोडणकार. पण महिन्याच्या शेवटी पगार जमा होणार हे ठाऊक असलेल्याने पक्षी बघणे वेगळे आणि तो जमा होणार नाही हे ठाऊक असलेल्याने बघणे वेगळे. कारण बाहेर असेल तर औषधही बाहेरच शोधावे लागते. माणसाला आत बघायला लावले की बाहेर बघायचे राहून जाते, आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवे ते सुटतात.

गोव्याबद्दल तर हे चित्र ठरूनच गेले आहे. निवांत, समाधानी, दुपारी एक वाजता दुकान ओढून घेऊन झोपणारा गोंयकार. जाहिरातीत ते छान दिसते. त्या निवांतपणाच्या कौतुकात आमची पोरे पुण्याला, बंगळूरला, आखातात का जातात हे कोणी विचारत नाही.

मोगरी

खाणपट्टा यांच्याशी अर्धी सहमत. पण एक गोष्ट तुम्ही दोघांनीही सोडलीत, ती म्हणजे वेळ.

संध्याकाळी गरी घेऊन जो नदीवर बसतो त्याची गरी वर काय घेऊन येते? शेवटो किंवा तांबसो मासा. तो घरी आणल्यावर साफ कोण करते, हुमणाचे (माशाच्या आमटीचे) वाटण कोण वाटते? त्याचा छंद संपतो तिथे तिचे काम सुरू होते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आकडा आहे: घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही ९७ मिनिटेही फक्त करणाऱ्यांची आहेत. मुळात करणारे पुरुष चारांत एक. उरलेले तीन या सरासरीत धरलेलेच नाहीत.

मला फुले ओवायला फार आवडते. फाल्गुन-चैत्रात सुरंगीची फुले आली की कळ्या उमलायच्या आत पहाटे काढाव्या लागतात. त्याच वेळी घरात डबे, मुलांची शाळा, सासऱ्यांचे औषध. म्हणून मी बाजारातून तयार वळेसर विकत घेते. विकत घेतल्याचा वास तोच असतो, आणि मला तो आवडतोच. पण हाताने ओवताना जे वाटते ते मिळत नाही. तेव्हा "ठरल्या वेळी करा" हा सल्ला ज्याची वेळ त्याच्या स्वतःच्या हातात आहे त्याच्यासाठी आहे.

आरोग्यसेविका

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. चोडणकार म्हणतात तो क्रम, म्हणजे कृती आधी आणि मन मागून, याची मोठी चाचणी आपल्याच गोव्यात झालेली आहे आणि ती इथल्या बऱ्याच लोकांना ठाऊक नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'संगत' ही गोव्यात १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था. त्यांनी 'हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम' नावाची उपचारपद्धत तयार केली आणि गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिची चाचणी घेतली. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. १८ ते ६५ वयाचे, नैराश्याची लक्षणे बऱ्यापैकी तीव्र असलेले ४९५ रुग्ण घेतले होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, आणि निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशकाबरोबर सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के लोक लक्षणांतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ६४ टक्के.

भेटींत मुख्य काम काय, तर माणूस पूर्वी काय करायचा आणि आता त्याने काय सोडले आहे ते शोधायचे, त्यातली सगळ्यांत सोपी गोष्ट निवडायची, आणि कोणत्या दिवशी, किती वाजता करणार ते ठरवायचे. "बरे वाटले की कर" असे सांगायचे नाही. माझ्या पाहण्यातली माणसे सांगते, नावे-गावे सोडून. एकीने अंगणातली तुळस पुन्हा शिंपायला घेतली. एकाने बंद केलेला पेपर परत लावला आणि तो सोप्यावर (घरापुढच्या ओसरीवर) बसून वाचू लागला. खोलीतून सोप्यावर आला म्हणून येणारे-जाणारे बोलू लागले. इतके छोटे. बाहेरच्याला हसू येईल, पण ज्याला अंथरुणातून उठणे जड झाले आहे त्याला तो चढ आहे.

मात्र रात्र-रात्र झोप नसेल, जेवण तुटले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर चर्चा वाचत बसू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात या किंवा १४४१६ वर फोन करा. 'टेली-मानस'चा हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठी-कोंकणीत बोलता येते.

संकासूर

आरोग्यसेविका, माहिती मोलाची आहे. पण ती चोडणकारांच्या बाजूने जाते असे मला वाटत नाही.

तुम्ही सांगितलेल्या चाचणीत माणसाकडे आठवड्याला दुसरा माणूस येत होता. त्याने विचारपूस केली, योजना आखली, ती मोडली तर पुन्हा जोडून दिली. गुण तुळशीला पाणी घालण्याचा की त्या येणाऱ्या माणसाचा, हे वेगळे कसे काढणार? आणि त्यात घरच्यांना सामील करून घेणे, अडचणींवर तोड काढणे हेही असते. यावरून "एकट्याने फेरीबोटीवर पक्षी बघा, मन सुधारेल" असे निघत नाही. ६४ टक्के सुधारले याचा अर्थ ३६ टक्के त्या मुदतीत बाहेर आले नाहीत, हेही म्हटले पाहिजे.

लॉटरीच्या अभ्यासाबद्दल तर अधिकच शंका. २२ माणसे. त्यांना पैसे मिळायच्या आधी कोणी मोजले नव्हते, एकदाच विचारले. लॉटरीची तिकिटे घेणारा माणूस मुळातच न्याहारीत कमी रमणारा असू शकतो. इतक्या लहान पायावर गेली चाळीस-पन्नास वर्षे लोक उपदेशाची इमारत चढवत आहेत.

मूड सुधारतो हे मी नाकारत नाही. किती सुधारतो, किती वेळ टिकतो, आणि ते सांगण्याचा हक्क कोणाला, एवढाच माझा प्रश्न.

चोडणकार

@संकासूर, लॉटरीच्या अभ्यासावरचा तुमचा आक्षेप रास्त आहे. तो आधाराला घेऊन मी पुढे बोलणार नाही. पण समुपदेशकाच्या मुद्द्यावर: तो येणारा माणूस सहा-आठ भेटींनंतर यायचा थांबतो. पुढे त्या रुग्णाला उचलून धरते ते रोजचे काम. आपल्याकडे या येणाऱ्या माणसाची जागा पूर्वी शेजार भरून काढायचा, आणि अजूनही काही ठिकाणी काढतो. रोज त्याच वेळी पोदेर दारात येतो तेव्हा एकटी राहणारी म्हातारी निदान फाटकापर्यंत चालत जाते. दोन वेळा जाते, सकाळी आणि संध्याकाळी. ती आली नाही तर पोदेर शेजाऱ्याला विचारतो.

मांडावरची

मोगरीबाय, तुमचे वाचून मन भरून आले. मी वयाने मोठी आहे म्हणून बाय म्हणते, रागावू नका.

बायकांना वेळ नव्हता हे खरे, आणि आमच्या आयांना-आज्यांना तर तुमच्याहून कमी होता. पण त्यांनी वेळ कोणाकडे मागितला नाही. गावाच्या रिवाजात बसवून टाकला. आमच्याकडे पौषात धालो असतात. चांदण्याच्या रात्री, जेवणखाण आटोपले की वाड्यावरच्या सगळ्या बायका शेणाने सारवलेल्या मांडावर जमतात. दोन ओळी समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात, आणि गात-गात पुढे वाकायचे, मागे सरायचे. कुठे पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. पुरुषांनी तिथे फिरकायचे नाही. शेवटच्या रात्री सोंगे काढतात. सासूची, सावकाराची, कोणाचीही नक्कल होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा राग धरायचा नसतो.

माझी सासू कडक होती. पण धालांना जायला तिने मला कधी अडवले नाही, कारण ते देवाचे काम. अडवले असते तर तिलाच वाड्याने विचारले असते. एकटीने "मला जरा फुले ओवायची आहेत" म्हटले की तो तिचा हट्ट होतो. बारा जणी मांडावर उतरल्या की तो गावाचा रिवाज होतो. गाऊन घरी परतताना घसा बसलेला असायचा, पाय दुखायचे, आणि दुसऱ्या दिवशी भात कांडायचा असला तरी तोंडात ओव्या असायच्या.

मोगरी

मांडावरची ताई, बाय म्हणालात ते आवडले. तुमचे म्हणणे मला चोडणकारांपेक्षा जास्त पटते. पण पौषातल्या नऊ रात्री सोडल्या तर उरलेल्या वर्षाचे काय? आणि आमच्या कॉलनीत मांड नाही. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बायकांनी कुठल्या जमिनीवर उतरायचे? रिवाजात बसवलेला वेळ रिवाजाबरोबर गेला, आणि त्याच्या बदल्यात मिळालेला वेळ टीव्हीने आणि मुलांच्या शिकवणीने खाल्ला.

फोंडेमहाल

"छोटे" आनंद या शब्दाशीच माझे भांडण आहे. सोपे, हलके, चार घटकांचे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. मन खरे कशाने उचलले जाते? ज्यात जरा झगडावे लागते त्याने.

मी शिक्षक आहे आणि आमच्या गावच्या हौशी नाटकात काम करतो. फोंडा महालात देवळाच्या जत्रेला किंवा उत्सवाला गावातल्याच लोकांनी मराठी नाटक करायचे ही जुनी रीत आहे. भूमिका करणारे कोण? बागायतदार, कारकून, गवंडी, बसचा वाहक. दोन-दोन महिने रात्री तालमी. पाठांतर होत नाही, दिग्दर्शक ओरडतो, पेटीवाला रुसून जातो. हा "निवांत" आनंद मुळीच नव्हे! कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरायचे ठरले तर विचारूच नका, झोप उडते. तरीही दिवसभर काउंटरवर लोकांची बोलणी खाऊन आलेला आमचा एक नट तालमीत आला की तासाभरात त्याचा चेहरा बदलतो. कारण तिथे त्याच्याकडून काहीतरी चांगले होण्याची अपेक्षा असते. दिवसभरात दुसरीकडे कुठे त्याच्याकडून कोणी एवढी अपेक्षा ठेवत नाही.

भजनाचेही तसेच. खाणपट्टा म्हणतात भजनाने हप्ता फिटला नाही. कबूल. पण वास्कोचा दामोदर सप्ताह बघा. श्रावणात चोवीस तास अखंड भजन, शंभराहून जास्त वर्षे चालू आहे. गावात साथ पसरली होती तेव्हा लोकांनी एकत्र येऊन ते सुरू केले असे सांगतात. संकटाच्या काळात माणसांना पहिली गरज वाटली ती एकत्र बसून गाण्याची. त्यांना औषध नको होते असे नाही. औषध मिळेपर्यंत एकमेकांना सोडायचे नव्हते.

गोव्याने देशाला केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ, अभिषेकीबुवा दिले हे आपण अभिमानाने सांगतो. ती माणसे एकाएकी उगवली नाहीत. गावोगावी आरत्यांत, भजनांत, नाटकांत ज्यांना कधी नाव मिळाले नाही असे हजारो लोक गात होते, म्हणून ऐकणारे कान तयार झाले.

बाविशीतला

सगळ्यांचे वाचले. मला एक कळत नाही, मोबाईलला इतके का हिणवता? मी म्हापशाच्या एका कंपनीत रात्रपाळी करतो. सकाळी परत येतो तेव्हा मित्र कामावर गेलेले असतात. भजन, तालीम, धालो, सगळे मी झोपलेला किंवा कामावर असताना. माझा आनंद म्हणजे बिछान्यात पडून अर्धा तास फुटबॉलच्या चित्रफिती बघणे, आणि मडगावच्या मित्राबरोबर त्यावर संदेश. त्याने मला बरे वाटते. यात मांडवी नाही, सुरंगी नाही, म्हणून तो कमी दर्जाचा का? दुकाने दुपारी बंद होतात त्या गोव्यात रात्रभर जागणारा गोवाही आहे.

चोडणकार

@बाविशीतला, दर्जा मी लावत नाही. मित्राबरोबरचे संदेश म्हणजे तुमची ओसरीच आहे, वरच्या पेपर वाचणाऱ्याच्या सोप्यासारखी. माझी तक्रार न संपणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. फेरीबोट धक्क्याला लागते, वळेसराचा धागा संपतो, नाटकावर पडदा पडतो. चित्रफितीच्या खाली दुसरी तयारच असते. अर्ध्या तासाने तुम्ही खरोखर थांबत असाल तर माझा काही आक्षेप नाही. पण थांबता का?

बाविशीतला

बहुतेक दिवशी नाही. पण ते रात्रपाळीमुळेही असेल. झोपेचे वेळापत्रक मोडलेल्या माणसाला कुठलीच गोष्ट वेळेवर थांबवता येत नाही.

रोयणीजवळ

एक वेगळा मुद्दा, थोडक्यात. आमच्याकडे सत्तरीत पावसाळ्यात अळमी (रानअळंबी) उगवतात, रोयणींवर (वारुळांवर). पहाटे रानात शिरून ती शोधण्याइतका आनंद मला कशात नाही. पण आता रस्त्याकडेला पानांत बांधून ती महाग विकली जातात, शहरातून गाड्या येतात, आणि छत्री उघडायच्या आत सगळी उपटली जातात. उघडू दिली नाहीत तर पुढच्या वर्षीसाठी बीज पडायचे कसे? जो आनंद सगळ्यांनी एकदम ओरबाडला तो संपतो.

याच्या उलट घुमट. मातीचे दोन्ही बाजूंनी उघडे भांडे, त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आली. आमचे जुने वाजवणारे म्हणायचे, आता नाद गेला. मग बकऱ्याचे कातडे घेऊन लोक खटपट करत राहिले. नाद पूर्वीसारखा हुबेहूब नाही, पण चवथीची आरती दणक्यात होते आणि घोरपड रानात आहे. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. छंद टिकवायचा तर त्याला थोडे बदलू द्यावे लागते, असा माझा अनुभव.

संकासूर

अळमीचा मुद्दा फार महत्त्वाचा, आणि खाणपट्टा यांच्या मुद्द्याला तो जाऊन मिळतो. वरची सगळी उदाहरणे पाहा. फेरीबोट सरकारी, खारफुटी राखीव, देऊळ गावचे, मांड वाड्याचा, रान सगळ्यांचे. यातले एकही सुख माणसाच्या खिशातले नाही. मग "मूड सुधारण्यासाठी तुम्ही काय करता?" हा प्रश्न एकेकट्या माणसाला का विचारायचा?

खाणपट्टा

संकासूर, माझ्या मनातले बोललात. आता मी माझे पुढचे म्हणणे मांडतो.

मी छंदाच्या विरोधात नाही. तो नोकरीच्या जागी देऊ नका, एवढेच माझे म्हणणे. पण छंद इतका कामाचा असेल, आरोग्यसेविका सांगतात तसा ६४ टक्क्यांना उठवणारा असेल, तर तो शाळा-दवाखान्यासारखा सोयींत धरा. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. १८३२ मध्ये पोर्तुगीज काळात सुरू झालेले, आज पाट्टोला मोठ्या इमारतीत आहे, कृष्णदास शामा यांचे नाव त्याला दिले आहे. मी कामाच्या शोधात पणजीला खेपा घालत होतो तेव्हा मुलाखतीच्या आधीचे आणि बस मिळेपर्यंतचे तास तिथे बसून काढले. कोणी विचारले नाही इथे का बसलास, काही विकत घेणार का. पंखा होता, पाणी होते, वर्तमानपत्रे होती. त्या दिवसांत माझे मन त्या टेबलाने सावरले, हे मी मान्य करतो. पण ते टेबल कोणीतरी जनतेच्या पैशातून ठेवले होते म्हणून मला मिळाले. माझ्या गावात असे टेबल नाही. गावात संध्याकाळी सहानंतर बसायला दोनच जागा, देवळाची पायरी आणि दारूचे दुकान. पोरांनी कुठे बसावे अशी तुमची अपेक्षा आहे?

फोंडेमहाल

हे मात्र शंभर टक्के. आमची तालीम शाळेच्या वर्गात चालते, आणि परीक्षा आल्या की आम्ही बेघर होतो.

आरोग्यसेविका

खाणपट्टा, तुमच्या टेबलाची गोष्ट मी आमच्या केंद्रात सांगणार आहे. आम्ही माणसाला सांगतो, घराबाहेर पडा, रोज कुठेतरी जाऊन बसा. पुष्कळदा तो विचारतो, कुठे? बायका तर हमखास विचारतात. देवळाशिवाय दुसरी जागा आम्हांला सुचत नाही, आणि विधवा बाईला तिथेही चार नजरा असतात.

चोडणकार

खाणपट्टा, मी या बाजूने विचार केला नव्हता आणि तुमचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो. माझा मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. टेबल मिळाल्यावरही त्याच्याशी जाऊन बसावे लागते, आणि मन नको म्हणत असताना जावे लागते. तुम्ही गेलात. तुमच्याबरोबर नोकरी शोधणारे सगळेच गेले नसतील.

खाणपट्टा

खरे आहे. आमच्यातले दोघे यायचे, बाकीचे बसस्टॉपवरच्या बारमध्ये. त्यांना मी दोष देणार नाही. पण तुमचे म्हणणे मी नोंदवून घेतो.

मोगरी

सगळे फार छान चालले आहे, आणि टेबल हवेच. पण गावात असे वाचनालय झालेच आणि ते संध्याकाळी सहा ते आठ उघडे राहणार असेल तर त्यात बाई दिसणार नाही, हे आजच लिहून ठेवते. ती तेव्हा चुलीपाशी असते. दुपारी दोन ते चार उघडे ठेवा. सगळे गाव झोपलेले असते, भांडी झालेली असतात, मुले यायची असतात. बायकांच्या हाती खरोखर असलेले दोन तास तेच. आणि रविवारी संध्याकाळी उघडायचे असेल तर त्या संध्याकाळी स्वयंपाक पुरुषांनी करायचा, हेही ठरावात लिहा. चोडणकार, खाणपट्टा, तुमच्या घरी हे चालेल का? उत्तर इथेच द्या.

चोडणकार

रविवारची रात्र मी घेतली. घरी आत्ताच सांगून आलो. पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोलंबीची कोशिंबीर), एवढे मला येते.

खाणपट्टा

माझ्या घरी आई आणि बायको दोघींना विचारले. आई नको म्हणाली, बायको हो म्हणाली. बायकोचे ऐकतो.

पुढच्या ग्रामसभेत मी वाचनालयाचा विषय मांडणार आहे, दुपारी दोन ते चारच्या वेळेसकट. पंचायतीची जुनी खोली आहे, तिथे आता मोडकी कपाटे पडून आहेत. डिचोली तालुक्यातले इथे आणखी कोणी असतील तर कळवा. सभेला माणसे कमी पडली तर विषय पुढे ढकलतात. आणि मोगरीबाय, अर्जाचा मसुदा तुम्ही लिहून द्याल का? वेळेचा मुद्दा तुमच्यासारखा नेमका मला मांडता यायचा नाही.

मोगरी

देते. उद्या दुपारी दोननंतर.